न मिळाल्यास परत

८ एप्रिल. हैदराबादच्या बेगम बाजारातून आणलेली पाच किलो चिंच फोडून चिंचोके काढत बसले होते. वीस वर्षांपूर्वी लातूरच्या स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत असाच चिंचेचा गोळा कोंबला होता. "तिकडं मिळती का न्हाई कुणास ठाऊक. करमलं न्हाई तर घरी परत ये." हैदराबादेत चिंचेवाचून डाळसुद्धा होत नाही, हे तिला कोण सांगणार! आता लातूरला मी पाहुणी म्हणून जाते, चार दिवसांत इथं हिमायतनगरच्या घरी येते.

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरबसल्या शब्दांना गुण देते. पडद्यावर शब्दांच्या जोड्या येतात. अर्थानं किती जवळच्या, ते एक ते पाचमध्ये सांगायचं. काही जोड्या मुद्दाम पुन्हा येतात, आपण तोच आकडा देतो का ते बघायला. माझं काम तपासणाऱ्या क्षितिजाचा फोन आला.

"काकू, 'घर' आणि 'परत'. सोमवारी पाच, गुरुवारी एक! नियमानं तुमचं काम बंद होतं. उद्या दहापर्यंत एक आकडा बदला."

"नक्को."

"बघा, म्हणूनच इथले म्हणतात, हैदराबादचं मराठी घेऊ नका."

ते लागलं. हात धुतले, दोन्ही याद्या उघडल्या. सोमवारी त्या जोडीआधी स्टँड, बोचकं, तिकीट, निरोप. गुरुवारी कुलूप, गॅस, दूध, शेजारीण. मीच फोन लावला.

"तू मूळची कुठली गं?"

"सांगलीची. का?"

"पटापट सांग. बॅग, रिझर्व्हेशन, दिवाळीची सुट्टी. घर, परत?"

"पाच."

"आता कुकर, रूममेट, वॉशिंग मशीन. घर, परत?"

"चार... नाही, दोन. काकू, ही चीटिंग आहे!"

"मग सांगलीचं मराठी बाद, की पुण्याचं?"

ती हसली. "पटलं हो. पण नियम माझा नाही."

गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हालाही कुणीतरी म्हटलं असेल, मराठी बिघडलं तुमचं. माझं बिघडलेलं नाही. स्टँडवर उभं केलं की मला लातूर आठवतं, किल्ली हातात दिली की हिमायतनगर. दोन्ही वेळा मी खरंच बोलले. यातला एक आकडा खोडायचा म्हणजे आईला तरी खोडायचं, नाहीतर ही वीस वर्षं. काम गेलं तर दुसरं बघेन.

९ एप्रिल. सकाळी साडेनऊला दोन्ही आकडे तसेच पाठवले. शेऱ्यात लिहिलं, 'दोन्ही बरोबर. यादीचा क्रम तपासा.' मग चिंचेला मीठ लावलं, एक गोळा आईसाठी बांधला आणि आबिड्सच्या पोस्टात गेले. पार्सलवर लातूरचा पत्ता घातला. खाली लिहिलं, 'न मिळाल्यास परत: हिमायतनगर.'