साविनोकाकांचं लाल टॉनिक

फॉर्मवरच्या चौदाव्या प्रश्नासमोर मी 'नाही' लिहिलं. सुवाच्य लिहिलं. शाळेत मला अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं, दुसऱ्या कशासाठी मिळालं नव्हतं. प्रश्न असा होता: रुग्णावर याआधी कॅन्सरचे काही उपचार झाले आहेत का?

साविनोकाका शेजारीच उभे होते, कागदात नाक खुपसून. त्यांना वाचायला बेताचंच येई, पण मान अशी डोलवत की समोरच्याला वाटावं, वकील आहेत.

"काय विचारतायत, रुजेरो?"

"पूर्वी काही ऑपरेशन झालंय का."

"नाही लिही."

म्हणजे तसं बघितलं तर मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं. हा युक्तिवाद मी पुढे बरेच दिवस स्वतःला ऐकवला.

साविनोकाका दक्षिण इटलीतल्या आमच्या आंद्रिया गावचे दगडी बांध रचणारे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. डोंगरावर तो आठकोनी किल्ला आहे ना, त्याच्या खालच्या ऑलिव्हच्या वाड्यांचे निम्मे बांध त्यांच्या हातचे. दगड उचलायच्या आधी ते त्याला शिवी देत. दगडाला आपण कुणाच्या हातात आहोत ते कळावं, म्हणून.

या फॉर्मच्या पाच वर्षं आधी, त्र्याऐंशी साली, त्यांच्या मानेत गाठी आल्या. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घेत नाहीत, 'ते वाईट दुखणं' म्हणतात. आणि ज्याला झालंय त्याच्यासमोर तर तेवढंही नाही. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टरांनी रिपाल्ताकाकूला बाजूला बोलावून सगळं सांगितलं, काकूनं आम्हांला सांगितलं, आणि काकांना सांगितलं की ग्रंथी सुजल्यात, अशक्तपणा आहे, टॉनिक चढवायचंय. टॉनिक लालभडक होतं. संध्याकाळी लघवीही लाल झाली तेव्हा काका घाबरून ओरडत बाहेर आले. काकू म्हणाली, "औषधाचा रंग आहे, कपड्यांचा नाही का जात?" केस गेले, तोंड आलं, तीन-तीन दिवस पोटात पाणी ठरेना. काका बारमध्ये सांगत, "टॉनिक इतकं जोरदार की केसांना डोक्यावर टिकता येईना." सगळे हसत. सगळ्यांना माहीत होतं. न्हाव्यालासुद्धा.

अशी सहा वेळा बाटली चढली आणि गाठी विरल्या. काकूनं कागदपत्रं पिठाच्या पेटीच्या तळाशी घातली, आमच्याकडून एकेकाकडून शपथ घेतली, आणि काका परत बांधावर गेले.

अठ्ठ्याऐंशीत गाठी पुन्हा आल्या. त्यांची थोरली मुलगी मिलानला असते, ती म्हणाली, इकडे आणा. काकांना आमची गावची बोलीच येते, डॉक्टरांशी बोलायचं इटालियन नाही, म्हणून सोबत मी. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही बारमध्ये 'मालक आणि हाताखालचा' खेळलो. सगळ्यांनी मिळून बिअर घ्यायची, पत्त्यांवर एक मालक ठरतो, एक त्याच्या हाताखालचा, आणि कुणाला ग्लास द्यायचा ते या दोघांनी ठरवायचं. दोघांनी संगनमत करून एखाद्याला शेवटपर्यंत कोरडा ठेवला की त्याचा 'एल्म' झाला. एल्मच्या झाडावर द्राक्षाची वेल चढवतात, घोस त्याच्याच अंगावर झुलतात, त्याच्या वाट्याला एक मणी येत नाही. त्या दिवशी मालक मी होतो. गंमत म्हणून मी काकांचा एल्म केला. रीत अशी की ज्याला कोरडा ठेवलात त्याला पुढच्या बैठकीचा पहिला ग्लास तुम्ही द्यायचा. काका म्हणाले, "आल्यावर वसूल करीन."

आणि मग मिलानच्या इस्पितळात तो फॉर्म. डॉक्टरांना मी जाता-येता गाठून खरं सांगणार होतो. पण ते भरभर चालत, आणि माझ्या दक्षिणेच्या उच्चारांना तिथले लोक हसत. दोन दिवसांनी मी मनाशी म्हटलं, त्याच रोगाला तेच औषध, एकदा लागू पडलं, पुन्हा पडेल. तेल जास्त पडलं म्हणून भाजी बिघडत नाही. पहिली बाटली टांगली तेव्हा काका मला म्हणाले, "अरे, हे तर आपलंच टॉनिक." मी हसून मान हलवली.

पाचव्या खेपेला कोलनागी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. मायाळू बाई. काकांशी दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी विचारलं, गाव कुठलं. आंद्रिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, हे औषध तर तुमच्या गावचं. तुमच्या त्या किल्ल्याजवळच्या मातीत एक जंतू सापडला, त्याच्यापासून आधी याची थोरली बहीण, म्हणजे एक जुनं औषध निघालं, आणि त्याच घराण्यातून पुढे हे औषध. तुमच्या एड्रियाटिक समुद्रावरूनच याला नाव दिलं.

मी भाषांतर केलं. काकांनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. मग आमच्या बोलीत म्हणाले, "गावचाच आहे, तर ओळख का नाही दिली? सहा वेळा भेटलाय मला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते म्हणतायत, ऐकून आनंद झाला."

काकांना इटालियन येत नाही, पण 'आनंद' कळतो. त्यांनी मोकळ्या हाताची पाच बोटं वर केली, सुई लावलेल्या हाताचं एक. सहा. मग बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आंद्रिया." इथली ही तर पाचवीच बाटली होती. बाईंनी नळीची चिमटी तिथल्या तिथे बंद केली.

नंतर त्यांनी सगळं समजावलं, आणि या वेळी मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. पेशी दुप्पट होताना स्वतःची प्रत काढते. हे औषध त्या प्रतीच्या शिडीत पायऱ्यांच्या मधे पाचरीसारखं घुसतं, मग प्रत निघत नाही आणि पेशी मरते. गाठीतल्या पेशी घाईनं वाढतात, म्हणून त्या आधी मरतात. केसांच्या मुळांना आणि तोंडातल्या कातडीलाही घाई असते, म्हणून तीही सापडतात, पण परत येतात. हृदयाचं तसं नाही. तिथे हे औषध लोहाशी मिळून गंजासारखं काहीतरी करतं, आणि हृदयाचा जो स्नायू गेला तो परत येत नाही. म्हणून जन्मभराची एक मर्यादा असते. मधे पाच वर्षं गेली तरी पहिलं विसरलं जात नाही, मागचं आणि आताचं एकत्र धरतात.

"पहिलं विसरलं जात नाही," काकांनी माझ्यामागे म्हटलं. मग विचारलं, "म्हणजे ते वाईट दुखणं?"

"हो."

"रिपाल्ताला माहीत होतं?"

"हो."

"न्हाव्याला?"

मी मान डोलावली.

"बांध आतून सुटला तरी उभा दिसतो," ते म्हणाले. "एखादी शेळी त्याच्यावर उडी मारेपर्यंत."

शेळीची उडी सात महिन्यांनी पडली. गाठी गेल्या होत्या, पण हृदय थकलं, पाय सुजले, बांधापर्यंतचा चढ चढताना दोनदा बसावं लागे, पुढे खुर्चीतच झोप. काकूनं पेटीतून पिठानं माखलेले कागद काढून माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, त्यानं घाबरू नये म्हणून केलं मी. काकांनी तिला शब्दानं दुखावलं नाही. फक्त तिनं पुढे केलेली प्रत्येक गोळी शेजारच्या औषधवाल्याकडे नेऊन ते नाव विचारून येत, मग गिळत. त्या दुकानापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागे.

आता डॉक्टरांनी त्यांचं पाणी मोजून दिलंय. कॉफी, सूप, सगळं धरून दिवसाला एक लिटर. बिअर नाही. तरी रविवारी ते बारमध्ये येतात, हिरव्या बाटलीत आपलं पाणी घेऊन. बाटलीवर काकूनं नेलपॉलिशनं रेघा मारल्यात. त्या लाल रेघा पाहून काका पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हा रंग माझा पिच्छा सोडत नाही."

मागच्या रविवारी मी ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. अर्धाच भरला होता, वरचा फेस धरून. म्हणालो, "काका, हा तुमचा राहिलेला. डॉक्टरांना विचारलंय मी, एवढा चालेल."

त्यांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, वास घेतला. टेबलावरचे सगळे पत्त्यांत बघू लागले.

"खरंच विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला आणि हिरव्या बाटलीतून एक घोट घेऊन बूच लावलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "दिलास की सुटशील."

मग पत्ते पिसायला घेतले. ग्लास माझ्यापुढे तसाच होता, आणि त्या रविवारी मालक कोण होतं ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.