सराट्याचा अर्क

शालिग्रामचे दोन माग शेठने निंबाला दिले, त्या दिवसापासून शालिग्रामला भाकरी गोड लागेना. दोघे धुळ्याकडच्या एकाच गावचे, लिंबायतच्या या कापडाच्या कारखान्यात एकाच वर्षी लागलेले, दोघांचीही पंचावन्नी उलटलेली. पण दिवाळीपासून निंबा आठ माग सांभाळून वर शीळ घाली, आणि शालिग्राम सहा मागांतच दुपारपर्यंत गळून जाई. अंगातली उमेद ओसरली होती. वर्षभर तो बायकोकडे, शोभाबाईकडे, पाठ करूनच झोपत होता. त्यात शोभाबाई एकदा सहज बोलून गेली, "निंबाभाऊले देखा, कसा ताठ चालस!" ते बोलणे काट्यासारखे सलत राहिले.

निंबाच्या पिशवीत एक हिरवी बाटली असे. दर तासाला तो तीतून काहीतरी तोंडात टाकी. शालिग्रामने लपून लेबल वाचले : 'उतारवयातील पुरुषांसाठी वनस्पतींचा अर्क.' ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून थेट दुसऱ्या गावी, कडोदऱ्याला जाऊन त्याने तीच बाटली आणली. तिच्यावरचे गोखरूचे चित्र पाहून तो थबकला. हा तर सराटा! लहानपणी आईने शेतातून उपटून फेकायला लावलेला, अनवाणी टाचेत मोडणारा.

चाळीस दिवस त्याने कॅप्सूल गिळल्या. काडीचा फरक पडला नाही. औषधानेसुद्धा माणूस बघून गुण द्यावा, याचाच त्याला अधिक संताप आला. अखेर जेवणाच्या सुट्टीत तोंडात तंबाखूचा बार भरता भरता तो फुटला, "तुले सराटानी गुण दिधा, माले का नही?"

निंबाने बाटली त्याच्या तळहातावर उपडी केली. बडीशेप निघाली.

"जावईनी दिधेल व्हती. महिनाभर खादी, काही उपयोग नही. बाटली मजबूत, म्हणून ठेवी. दिवाळीले तंबाखू सोडी, तवयपासून हाई चघळस. भाऊ, तू डॉक्टरले रगत तरी दाखाडं का?"

औषध विकत तरी मिळत होते. तंबाखू सोडायची ही जिद्द शालिग्रामने कुठल्या दुकानातून आणायची?

तळहातावरची बडीशेप तो तोंडाकडे नेऊ लागला.

"आधी थुक!" निंबा हसला.

शालिग्राम मोरीपाशी गेला. मागे निंबाचे आठ माग एकेक करून खडखडू लागले. त्यांतले दोन पूर्वी शालिग्रामचे होते. तो खच्चून थुंकला. प्रकृतीसाठी नव्हे, तंबाखू सोडणे ही एक गोष्टही निंबाच्या एकट्याच्या नावावर राहू नये, म्हणून.