टाकीच्या तळाची जाळी

मंगळवारी सकाळी माझे पती वारले. ते टाकीच्या पंपापाशी बसले होते. पंप बंद होता.

टाकी म्हणजे पोहण्याचा तलाव. देहूरोडची नोकरी संपल्यावर त्यांनी लोणावळ्याच्या अलीकडे हा बंगला बांधला. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, पुढचा भाग शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायचो. टाकीचं सगळं तेच बघायचे. माझी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. पंपाची कळ कुठं आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

आमच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. याला इद्दत म्हणतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचे. पान उलटलं की मागच्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवं पडलं. टाकी साफ करणारे भाऊ शेजारच्या वाडीतले, शेतकरी. त्यांनी सगळं पाणी सोडून दिलं आणि खिडकीखाली येऊन, भिंतीकडे बघत म्हणाले, "भाभी, खालची जाळी न्हाई."

"कुठली खालची?"

"तळाला भोक आसतंय न्हवं, पंप जितनं पानी वढतो? त्याच्यावरली. गेलीय."

"कुठं गेली?"

"आता मला काय ठावं? भाईंनी काढली आसंल."

शनिवारी एक कुटुंब यायचं होतं. मुलं पोहतील, चालेल ना, असं त्यांनी महिन्यापूर्वी फोनवर विचारलं होतं. "या, टाकी तयार ठेवतो," असं माझे पती माझ्यादेखत म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सोमाटण्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची सपाट जाळी आणली. न्हाणीघराच्या मोरीवर बसवतात तसली. सिमेंटात बसवून टाकतो म्हणाले, आणि मी खिडकीतून हो म्हणाले. गेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

दुपारी पतींच्या कपाटात पंपाची पुस्तिका सापडली. एक परिच्छेद मी चारदा वाचला. तळाचं झाकण नसेल किंवा तुटलं असेल तर पंप लावू नये, पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. सपाट झाकणावर अंग टेकलं तर भोक पूर्ण बंद होतं आणि माणूस तिथंच चिकटून राहतो. मोठ्यालाही सुटता येत नाही. लांब केस जाळीतून आत ओढले जाऊन गुंततात. झाकण फुगीर हवं, आणि पंप जेवढं पाणी ओढतो तेवढं पेलणारं हवं.

बाहेर भाऊ सिमेंट कालवत होते. खिडकीतून हाक त्यांच्यापर्यंत पोचेना. मी नणंदेला फोन लावला.

"आपा, अंगण घरात धरायचं की बाहेर?"

"घरातच की."

"आणि टाकीत उतरले तर?"

"कोरडी आहे ना? ओढणी नीट घे आणि जा. कुणाला विचारत बसलीस तर शनिवार उजाडेल."

मला बघून भाऊ थापी टाकून उभे राहिले. मी पुस्तिकेतलं वाचून दाखवलं. ते हसले.

"भाभी, आमच्या हिरीला कुटं जाळी हाय? पोरं दिवसभर उड्या मारत्यात."

"मोटर चालू असताना?"

"ह्या! मोटर चालू आसली की आमी कुनालाच उतरू देत न्हाई. पाय वढती ती." ते बोलता बोलता थांबले. टाकीकडे बघितलं, मग पंपाकडे. "हितं पोरं आत आसताना पंप चालूच आसतो, व्हय?"

"हो."

त्यांनी कालवलेलं सिमेंट पेरूच्या बुडाशी ओतलं.

मी पंपाचा फ्यूज काढून घेतला. मग शिडीनं टाकीत उतरले. टाकी बांधल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा. पट्टी लावून भोक मोजलं, स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर मोजलं, पंपावरचे आकडे उतरवून घेतले आणि पोहण्याच्या तलावांचं सामान विकणाऱ्या पुण्याच्या दुकानाला कळवलं. झाकण सोमवारी येईल म्हणाले.

शनिवारच्या पाहुण्यांना मी फोन केला. टाकी बंद आहे म्हटलं. "अहो, साहेबांनी स्वतः सांगितलं होतं," पलीकडून आलं. ते आता नाहीत, हे मी पहिल्यांदाच एका परक्या माणसाला सांगितलं. ते लोक आले नाहीत.

सोमवारी जुन्या चौकटीत स्क्रू धरेनात, म्हणून दुकानाच्या माणसानं चौकटही बदलली. स्क्रू न गंजणारे होते. भाऊंनी जाळीवर वाकून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "हालत न्हाई." तेव्हाच पाणी भरलं आणि मी फ्यूज परत बसवला.

जाळी कधी गेली ते कळलं नाही. एखाद्या पावसाळी शनिवारी मुलं त्या उघड्या भोकावर पोहली का, तेही कळायला मार्ग नाही. त्या मंगळवारी त्यांनी जाळी नाही हे पाहून पंप बंद केला होता, की अजून लावायचाच होता? त्यांना ठाऊक असतं तर ते माझ्याजवळ बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. पण टाकीबद्दल ते माझ्याशी कधीच काही बोलत नसत, आणि मीही विचारत नसे.

आता इद्दत संपली आहे. शनिवारी सकाळी पंप लावण्याआधी भाऊ पाण्यात उतरतात आणि जाळी ओढून बघतात. मी काठावर उभी राहते. ते वर येऊन "हाय" म्हणाले की पंप लावते.