मुकीच्या मांडीवरची पोर

माझी थोरली नणंद जन्माची मुकी-बहिरी. फलटणकडच्या गावात आमचा ऊस. माझे मालक लामावर, तिकडे ब्रह्मदेशात लढाईला गेलेले. सासू आणि मी दिवसभर रानात. त्यामुळे माझी लेक वाढली ती नणंदेच्या मांडीवर. संध्याकाळी पोरीशी दोन शब्द बोलावेत एवढंही बळ माझ्या अंगात उरायचं नाही. तिला पाजता पाजता माझाच डोळा लागायचा.

पोर मात्र हुशार. भूक लागली की धार काढल्यासारखी मूठ उघडमीट करायची, कावळा दिसला की बोटं फडफडवायची. सगळं आत्याकडून उचललेलं. दोघींचं सारखं काहीतरी चाललेलं असायचं आणि खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

दीड वर्षाची झाली तरी तोंडातून शब्द नाही. सासूने वेखंड उगाळून जिभेला लावलं, पोपटाचा उष्टा पेरू चारला. पोरीने दोन्ही थुंकून टाकलं. शेवटी सासू म्हणाली, “मुकीच्या मांडीवर पोर बी मुकीच व्हनार. ऊस तुटलाय, तू हिला घिऊन म्हायेरी जा. बोलाय लागल्याबिगर आनू नगंस.”

नणंदेला हे ऐकू आलं नाही, पण बोचकं दिसलं. ती उंबऱ्यात आडवी बसली. तिला ओलांडून मी बाहेर पडले आणि लोणंदला गाडीत बसले.

माहेर सांगलीत, हळदीच्या पेठेमागे. तिथे आई, वहिनी, शेजारणी, कुणाच्याच तोंडाला उसंत नाही. पोरीची मूठ कुणाला कळेना, मी एकटी कुठवर पुरणार? ती रडरड रडायची. एक दिवस ‘दुदू’ म्हणाली आणि मग तिचं तोंड मिटेना. मूठ कधी थांबली, माझ्या ध्यानातही आलं नाही. एवढ्याशा जिवाला एक उचलायचं तर दुसरं खाली ठेवावं लागतं की काय, कोण जाणे.

पुढच्या गुऱ्हाळाला आम्ही परतलो. नणंद रस्त्यापर्यंत धावत आली, पोरीसमोर गुडघे टेकून बसली आणि मूठ उघडमीट केली. पोर त्या हाताकडे बघत राहिली. मग माझं लुगडं ओढून म्हणाली, “आई, ही बाई काय मागती?”

नणंदेने हलणारे ओठ पाहिले. पोर बोलली, पोर बोलली, असं ती साऱ्या आळीला हातांनी सांगत सुटली. मग माझ्याकडे वळून तिने हनुवटी उडवली: काय म्हणाली?

मी फार दमले होते. तिच्याच छातीवर बोट टेकवलं. तुला हाक मारली.