आक्कानं जोडलेला फोटू

आक्का जाऊन महिना झाला. मी पोराला न्हाऊ घालत हुते, तवा सांगलीच्या दवाखान्यातनं थोरल्या दिरांचा फोन आला, "गेली गं ती..." ताप आल्याला, चारच दिस. आनि खोटं कशाला लिहू, पैलं मनात आलं, आता घरात माझं कवतिक हुईल. लगीच भ्याले. पोराला वल्लंच छातीशी धरलं, म्हनलं देवा, माझ्या पापाची शिक्षा ह्याला नगं...

आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ. आष्ट्याला फोटू स्टुडिओत कामाला हुती. कुणाचा बाप वारलेला असला तर लग्नाच्या फोटूत त्याला असा हुबा करायची, की लोकं बघून रडायची. माझी दहावीबी न्हाई झाली, तरी तिनंच मला घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. "आधी उजेड कुठनं येतोय बघ. मग कड मऊ कर. भाकरी थापतीयास व्हय, किती घाई!" मी जोडलेली मानसं पुठ्ठ्याची कापल्यागत दिसायची. ती हसायची न्हाई, आनि त्याचाच मला लय राग यायचा.

माझं मालक मिलिटरीत. पोरगं झालं तवा लांब हुते. बारशाला सासूबाईंना बाप-लेकाचा फोटू पायजे हुता. मी म्हनलं, "आक्का, असं मेलेल्यांना जोडत्यात वं..." "गप गं. जित्याला जोडलं की लवकर येतंय." मालकांचा वर्दीतला फोटू हुता, पन पोराला धरल्याला हात कुठला आनायचा? त्यांचा जुना वर्दीचा शर्ट मी घातला, पोराला घेतलं. रडून लालबुंद झालं. मग आक्कानं शर्ट घातला, बांगड्या बाहीत वर सारल्या. "तुझ्या दादल्याला बांगड्या भरू व्हय?" तिनं घेतलं आनि लबाड झोपलं की! तिच्या हाताचा फोटू मलाच काढाय लागला.

फोटू धाडला तवा मालक फोनवर म्हनाले, "आयला, मी ह्याला कवा घेतला?" सगळी हसली. मला ऱ्हावलं न्हाई, सासूबाईंना सांगितलं, "हात आक्काचा हाय." त्या म्हनल्या, "ठावं हाय. पोरगं कसं निवांत झोपलंय बघ." तवापास्नं भिंतीवर लावलेल्या त्या फोटूकडं बघितलं की मी जळायचे...

आता मालक सुट्टीवर येत्यात. म्हनलं, त्येंनी भिंतीवरचा फोटू जवळनं बघायच्या आत तिथं माझा हात बसवायचा. काल दुपारी कॉम्प्युटरवर बसले. आक्काचा हात काढला, आनि पोरगं हवेत! खाली कायबी न्हाई, वर बाप हसतोय. गडबडीनं त्याच शर्टातला माझा हात ठेवला, उजेड बघितला, कड मऊ केली. बरूबर बसला. जोड कुठं हाय ते मलाबी दिसंना. पैल्यांदा असं जमलं म्हनून मागं वळले, "आक्का, बघा की..."

मग बंद कराय गेले तर कॉम्प्युटरनं इचारलं, सेव्ह करायचं का? 'न्हाई'वर दाबलं. भिंतीवर पोरगं आजूनबी तिच्याच हातात झोपलंय, आनि मी आजूनबी जळतीया.