खोबऱ्याचा रंग

चैत्रातला दुसरा रविवार, सुरेखाचा दहावा दिवस. हजर: तिचे यजमान विलासराव, माझी जाऊ मंगल, शेजारच्या आक्का आणि मी. न्यूमोनियाचं निमित्त होऊन सुरेखा गेली. चहा घेताना आक्का म्हणाल्या, "गुणाची पोरगी. पण चुलीम्होरं कधी टिकली न्हाय बघा." मंगल हसू दाबत म्हणाली, "डोळं जायचं की तिचं!" विलासराव कप तसाच ठेवून उठले. मी कप गोळा केले...

राजारामपुरीत आम्ही चौघी दर उन्हाळ्यात मिळून वर्षाची चटणी करायचो. कामांची यादी माझी. सुरेखाचा हात चांगला, म्हणून खोबरं भाजायला ती. एका वर्षी डोक्यावर ऊन, पुढ्यात चूल, आणि तिनं अख्खी कढई काळी केली. "झोपलीस काय गं?" मी ओरडले. "रंगच दिसंना झालाय," ती म्हणाली. आत जाऊन गार फरशीवर पडली आणि अर्ध्या तासानं कॅलेंडरातली बारीक तिथी वाचून दाखवली. "काम संपलं, डोळं उघडलं. नाटकं नुसती!" हे वाक्य माझं. पुढं ते सगळ्यांचं झालं.

नंतर तपासण्यांत आजार कळला. नसांवरचं आवरण झिजलेलं. उन्हानं किंवा भरभर चालल्यानं अंग तापलं, की डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अंग निवलं, की पुन्हा पोचतो. "म्हणजे त्या दिवशी खरंच..." मी विचारलं.

"व्हय की. खोबरं जाळून मला काय बक्षीस मिळणार होतं?" ती हसली. मग म्हणाली, "तेवढं त्या दोघींना तू सांग. मी सांगितलं तर परत हसत्यात."

सांगते म्हणाले. ती पुन्हा चटणीला आली नाही. पहाटे मात्र आम्ही दोघी चालायला जायचो. तिच्या गळ्याभोवती ओला पंचा. मध्येच माझा दंड धरायची, "थांब. धुकं आलं." कट्ट्यावर बसून मी तिची मान पाण्यानं पुसायची. थोड्या वेळानं माझ्याकडं बघून म्हणायची, "दिसलीस बाई. वेणी तरी नीट घालायची!"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. सांगायचं, तर 'नाटकं' हा शब्द माझा होता, हेही कबूल करावं लागलं असतं. मी टाळलं.

दहावा होऊन काही दिवस झाले. आज सकाळी तीन कामं होती. मिरच्यांचे देठ काढले. चटणी कुटायला डंकावर नंबर लावला. मग आक्कांकडे गेले. त्या खोबरं किसत होत्या. "ये की, बस," म्हणाल्या. मी त्यांच्या हातातली किसणी घेतली, चार वाट्या किसून दिल्या आणि घरी आले.

सांगायचं राहिलंय.