आंबिलीची फेरी

आमचे हे हुमनाबादच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतात आणि घरी आम्हाला सांभाळतात. पद्धत एकच. मनगटावरचं घड्याळ ऊठ म्हणालं की उठतात, पाणी पी म्हणालं की पितात. माझं इतकं कधी ऐकलं नाही. दाढी करताना मोबाईलवर कुणाचं तरी भाषण चालू असतं, तेही दुप्पट वेगानं, म्हणजे वेळ वाचतो. मागे एकदा निवांत कसं जगावं यावर भाषण होतं. तेही दुप्पट वेगानंच ऐकलं आणि चांगलं आहे म्हणाले.

वाचलेल्या वेळाचं पुढे काय होतं, असं मी एकदा विचारलं होतं. "कामून विचारायलीस?" म्हणाले आणि पुढचं भाषण लावलं.

आमच्याकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, सगळं गाव शेतात जेवतं. हुमनाबादेत त्या दिवशी चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. आमचं शेत निर्णा गावात, माझे सासरे, अप्पा, तिथंच राहतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मग आंबिलीचं मडकं घेऊन 'ओलगे ओलगे' म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडत फेरी मारायची. फेरी पुरी झाल्याशिवाय कुणी जेवत नाही.

गेल्या साली ह्यांनी ही फेरी मोटरसायकलवरून मारली. मागे मी, माझ्या मांडीवर मडकं. पिकापेक्षा आंबील माझ्या साडीलाच जास्त लागली. बराच वेळ वाचला. तो ह्यांनी कोपीत मोबाईल बघत घालवला. अप्पा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

यंदा पावसाळ्यात अप्पांना हलका लकवा झाला. आता एक पाय ओढत चालतात. येळवशीला ह्यांनी गाडी धुऊन आणली होती. घाईही होती, कारण बसवकल्याणच्या रस्त्याला ह्यांच्या साहेबांचं शेत आहे आणि साहेबांनी जेवायला बोलावलं होतं. वरच्या जागेसाठी ह्यांचं नाव चाललं होतं, त्यामुळं ते जेवण साधं नव्हतं. पूजा झाल्याबरोबर ह्यांनी किक मारली. अप्पा काठी टेकत उठले.

"गाडी राहू दे. मी चालत मारतो फेरी."

"अप्पा, पाय बघा की तुमचा. दिवस मावळंल."

"मावळू दे. तुझी माय असताना आमी दोघं चालतच फिरायचो. एकदा तसं फिरायचंय मला."

सासूबाई होत्या तोवर मडकं त्यांच्या डोक्यावर असायचं. मी ते माझ्या डोक्यावर घेतलं. हे गाडी बंद करून मागून आले. अप्पा लिंबाची डहाळी बुडवायचे, शिंपडायचे, 'ओलगे ओलगे' म्हणायचे. आवाज तुरीच्या दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नव्हता. चार पावलं झाली की थांबायचे. एका बाभळीखाली तर बसलेच. "हितं ती बसायची," म्हणाले. आम्हीही बसलो. घड्याळ वाजलं. फार वेळ बसलात, जरा हला, असं म्हणत होतं. अप्पांना नाही, ह्यांना.

साहेबांचा फोन आला. "निघालोच, सर," हे म्हणाले. पुन्हा आला, पुन्हा निघाले. आम्ही अजून बाभळीखालीच होतो. कोपीपाशी पाहुणे पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीच्या पातेल्याकडं बघत बसले होते. माझी मान अवघडली होती आणि खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग आला होता, बापाचा अन् लेकाचा.

विहिरीच्या बांधावर अप्पांचा पाय ढेकळात अडकला. ह्यांनी धरलं. हातात हात आला तो मग सुटला नाही. तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी दुसऱ्या हातानं उचलला.

"न्हाई जमत, सर. अप्पा चालायलेत."

तिकडून काहीतरी विचारलं असावं.

"कुठं न्हाई. शेतातच."

फोन खिशात गेला. ह्यांनी माझ्या डोक्यावरचं मडकं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एका हातानं मडकं, दुसऱ्या हातानं अप्पा. उरलेला बांध आम्ही अप्पांच्या पायानं चाललो. त्या पायाला दुप्पट वेग ठाऊक नव्हता.

कोपीपाशी परत आलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. हे वाकले, अप्पांनी मडक्याच्या तळाची आंबील हातानं पुसून शेवटच्या तुरीवर शिंपडली आणि मातीतच बसले. चेहरा घामानं भिजला होता, पण इतके खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिले नव्हते. जरा वेळानं त्यांची नजर मोटरसायकलवर गेली.

"पुढल्या साली गाडीच आण, बाबा," ते म्हणाले. "मी मागं बसतो. आता हे व्हायचं न्हाई."

ह्यांचं म्हणणं शेवटी मान्य झालं होतं. मी पानं मांडायला घेतली, पाहुणे हात धुवायला उठले. मडकं रिकामं होतं, तरी ह्यांनी ते डोक्यावरून खाली ठेवलं नाही.